बोगद्यात थापलेल्या गोवऱ्या

बोगद्याच्या भिंतीवर पहिली गोवरी मीच थापली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणाला बोलले तर त्या बोलण्यात मीही आले, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात राहील.

बोगदा म्हणजे डोंगरातला नव्हे. रेल्वेच्या उंच भरावाखालून आरपार काढलेला सिमेंटचा रस्ता. तो रानातल्या जनावरांसाठी काढला होता. कुठे काढावा हे मी सांगितलं होतं, आणि तो बंद पाडणाऱ्यांतही पहिली मीच.

आमचं गाव नागपूरपासून फार लांब नाही. एका अंगाला सागाचं आणि मोहाचं रान, दुसऱ्या अंगाला शेतं आणि तलाव, आणि दोहोंच्या मधून लाईन. मी लग्न करून आले तेव्हा छोटी लाईन होती. रूळ इतके जवळ की मधे गाय बसली तर तिचं तोंड एका रुळाबाहेर आणि शेपटी दुसऱ्या रुळाबाहेर. गाडी नागपूरच्या इतवारी स्टेशनाहून यायची. चढावर एवढी हळू चालायची की पोरं उतरून बोरं तोडत आणि पळत जाऊन पुन्हा चढत.

माझा नवरा त्या लाईनवर चावीवाला होता. चावीवाल्याने रोज पहाटे आपल्या वाट्याची लाईन पायी तपासायची, रुळाची चावी ढिली दिसली की हातोड्याने ठोकायची. मी त्याच लाईनवर तीन वर्षं रोजाने गिट्टी, म्हणजे रुळांखालची खडी, टाकली. तेव्हा एक गोष्ट पाहिली. एका जागची गिट्टी रोज खाली उतरलेली असायची. आज घमेल्याने वर चढवा, उद्या सकाळी पुन्हा खाली. बाकी लाईन ठीक, फक्त बैलगाडी जाईल एवढी जागा विस्कटलेली. मला वाटलं कुणी मुद्दाम करतं. नवरा म्हणाला, "रोही जातात इथून."

रोह्याला शहरातले लोक नीलगाय म्हणतात. ती गाय नाही. नर घोड्याएवढा उंच, रंगाने पाटीसारखा निळसर काळा, गळ्याखाली पांढरा डाग, शिंगं मात्र वीतभर. मादी आणि पिल्लं मातीच्या रंगाची. पाठ पुढून उंच आणि मागे उतरती, जणू कुणी मागचे पाय चुकून आखूड केले. दिसायला फार सुंदर आहे असं मला कधी वाटलं नाही.

पण एकदा भाकरी घेऊन लाईनवर गेले होते. थंडीचे दिवस, सकाळचं ऊन. त्या जागेच्या अलीकडे गाडी उभी आणि ड्रायव्हर खाली उतरून बिडी पीत होता. मला वाटलं इंजिन बिघडलं. पुढे गेले तर रोही चाललेले. रानातून निघून तलावाकडे. एकेक जण रुळापाशी यायचा, मान खाली घालून रूळ बघायचा आणि पाय उचलून ओलांडायचा, आपण उंबरठा ओलांडतो तसा. मी बावीसपर्यंत मोजले, मग मोजायचं विसरले. डब्यातली माणसं खिडकीतून बाहेर लोंबकळत होती. कुणी ओरडत नव्हतं. शेवटी एकजण म्हणाला, "याईचं तिकीट कोणं काढलं रे?" तेव्हा सगळे हसले. शेवटचा नर रूळ ओलांडून गेला, ड्रायव्हरने बिडी टाकली आणि गाडी चालू झाली. माझ्या डोक्यावरची भाकरी थंड झाली होती. नवरा चिडला नाही. म्हणाला, "मीही पाह्यलं पहिल्यांदा, तेव्हा हातोडा विसरून आलो होतो तिथं."

पुढे नवरा वारला. काही वर्षांनी लाईनही बंद झाली. रूळ उचलून नेले, लाकडी स्लीपर लोकांनी नेले, आणि तिथे नुसती गवताची पट्टी उरली. मग मोठी लाईन येणार असं ऐकू आलं. मोजमापं करणारे आले. एक तरुण साहेब होता, पिवळी टोपी, हातात कागदाची गुंडाळी. त्याच्यासोबत जंगल खात्याचा माणूस. रानातली जनावरं कुठून जातात, तिथे बोगदा ठेवायचा आहे, म्हणाले. गावातल्या बाप्यांना सगळीकडे जनावरं दिसू लागली. ज्याचं शेत जिथे, तिथून रोही जातात. बैलगाडी न्यायला फुकटचा रस्ता मिळतो तर कोण सोडतो!

मी म्हटलं, "जयभीम साहेब. ते सब झूट बोलून राहिले. चला माझ्यासंग."

साहेब हसला, पण आला. मी त्याला त्या जागी नेलं. रूळ नव्हते, खांब नव्हते, तरी माझे पाय तिथेच थांबले.

"आजी, हीच जागा कशावरून?"

"तीन वर्षं इथली गिट्टी मी उचलली."

त्याने वाकून गवत बघितलं. गवतात पायवाट होती. रानाच्या अंगाला आणि तलावाच्या अंगाला, सरळ. जंगल खात्याच्या माणसाने मान हलवली. साहेबाने एका मजुराला बोलावून माझ्या पायाशीच लाल झेंडी रोवून घेतली. मी चौथी शिकलेली बाई. मी उभी राहीन तिथे रेल्वे बांधकाम करेल असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेडा म्हटलं असतं.

मग माती आली. दिवसभर टिप्पर येत आणि माती ओतून जात. भराव वाढत वाढत आमच्या विहाराच्या कळसाएवढा झाला. ती एवढी माती कुठून आली, कुठे खड्डा पडला असेल, याचा मी फार विचार करायची. भरावावर रूळ, रुळावर विजेच्या तारा, दोन्ही अंगांना माणसापेक्षा उंच जाळी. आणि खाली, झेंडीच्या जागी, बोगदा. आत माझ्या डोक्यावर अजून दोन माणसं उभी राहतील एवढा उंच. मी आत जाऊन हाक मारली, तर हाक दुसऱ्या टोकाला जाऊन परत आली.

रेल्वे वाईट असं मी म्हणणार नाही. माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपूरला झालं, डोळ्याला पट्टी बांधून त्याच गाडीने घरी आले. मुलगा नागपूरला कळमन्याच्या धान्यबाजारात हरभऱ्याचा भाव बघायला जातो आणि जेवायला घरी येतो. छोट्या लाईनच्या गाडीत अर्धा दिवस जायचा.

पण बोगद्याचं काय झालं ते सांगते. गोवरीला काय पाहिजे? कोरडी भिंत, खेळता वारा, आणि वरून पाणी नको. पावसाळ्यात गावात तशी भिंत शोधून सापडत नाही. बोगद्यात दोन भिंती, गुळगुळीत, कुणाच्या मालकीच्या नाहीत. मी एक टोपलं शेण नेलं आणि थापलं. चार दिवसांत गोवऱ्या खणखणीत. मीच माझ्या जावेला बोलावलं, जावेने तिच्या शेजारणीला. वर्षभरात खालपासून हात पोचेल तिथपर्यंत दोन्ही भिंती भरल्या. दुपारी गार म्हणून बापे पत्ते खेळायला येऊ लागले. कुणी बैल बांधले, कुणी चूल मांडून चहा केला. माझ्या मुलाने रानाकडच्या तोंडाशी धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, रचलं, कारण तिथे ते भिजत नव्हतं. बोगदा जनावरांसाठी होता हे कुणी विसरलं नव्हतं. आम्हाला वाटलं, रात्री येतील न जनावरं, तेव्हा आम्ही थोडेच असतो!

जनावरं आली नाहीत. जाळी पुरी झाली तेव्हा रोह्यांचा एक कळप तलावाच्या अंगाला होता, तो तिथेच अडकला. एकीकडे रेल्वेची जाळी, दुसरीकडे तलावापलीकडचा सिमेंटचा कालवा, मधे आमची शेतं. रोह्यांनी खायचं काय? तूर खाल्ली. हरभरा खाल्ला. तारेला हलका झटका देणारं झटका मशीन लावलं तर तारेवरून उडी मारली. रस्त्याच्या फाटकापाशी जाळी संपते, तिथून एक मादी आत शिरली आणि दोन जाळ्यांच्या मधे रुळावर धावत राहिली. मालगाडीने उडवली. मी बघायला गेले. पोट फाटलं होतं, आत दोन पिल्लं. मुलगा म्हणाला, "तीन कमी झाले." मी त्याला काही बोलले नाही. मागच्या साली आमचा निम्मा हरभरा गेला होता, तो त्याने पेरला होता, मी नाही.

यंदा हरभऱ्याला फुलं आली तशी त्याने तार आणली. साधी तार नव्हे. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून सरळ करंट सोडायचा म्हणे.

"माय, यंदा मी ऐकणार नाई."

"अन् माणूस चिकटला तं?"

"रात्री वावरात कोण येते?"

"पलीकडच्या गावात कोण मेला? रोही मेला का? तार लावणाऱ्याचा सख्खा भाऊ मेला."

"मी बोर्ड लावतो न."

"तुह्या पोरीले वाचता येते का बोर्ड? चार वर्षांची आहे ते. बापामागं वावरात पळते."

त्याने तार पायाने बाजूला सारली. मग म्हणाला, "मंग तूच सांग काय करू. वावरात बसून रोह्याईले हात जोडू?"

"मले थोडे दिवस दे."

"फुलं गळून घाटे धरतील तोपर्यंत. घाट्यावर आले का एका दिवसात साफ करतात. त्याच्या पुढं मी थांबणार नाई."

मला रोह्यांची दया आली होती असं कुणी समजू नये. मला नातीची भीती वाटत होती. पोरगं अडाणी नाही, पण चिडलेला माणूस सकाळी करंट बंद करायला विसरतो. एकदाच विसरला तरी पुरे.

दुसऱ्या दिवशी मी बोगद्याकडे गेले. रोही तिथून जात का नाहीत, हे मला समजून घ्यायचं होतं. तलावाकडच्या तोंडापासून वीस पावलांवर मला लेंड्यांचा ढीग दिसला. रोही वाटेल तिथे हगत नाही. त्याची जागा ठरलेली. कळपातली सगळी तिथेच येतात आणि ढीग वाढत जातो. हा ढीग माझ्या गुडघ्याएवढा होता. वरच्या लेंड्या ओल्या, चकचकीत. खालच्या मातीला मिळालेल्या. म्हणजे ते येत होते. रोज येत होते, इथे थांबत होते आणि परत जात होते. आम्ही वर्षभर गोवऱ्या थापायला जा-ये केली आणि कुणी त्या ढिगाकडे बघितलं नाही.

मी तिथे उभी राहिले. मी ज्यांना रूळ ओलांडताना पाहिलं ते रोही कधीच मरून गेले असतील. त्यांची पिल्लंही मेली असतील. आता जे आहेत त्यांनी छोटी लाईन पाहिलेली नाही. मधे रूळ आले, गेले, डोंगराएवढी माती पडली, वर विजेच्या तारा आल्या. तरी ते वाट बघत उभे राहतात ते त्याच जागी. मायने पिल्लाला दाखवलं, त्या पिल्लाने आपल्या पिल्लाला. पाटी नाही, पुस्तक नाही. साहेबाला कागदाच्या गुंडाळीत जे सापडत नव्हतं ते यांच्या पायात होतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि मी अंगावर सहज काटा येणारी बाई नाही.

मग मी ढिगापाशी खाली वाकले आणि रोह्याच्या उंचीवरून बोगद्याकडे पाहिलं. समोर काळोख. तणसाने पलीकडचं तोंड बुजलं होतं, उजेडाचा कवडसाही नव्हता. आत गेले आणि नाक मोकळं सोडून वास घेतला. गुरांचं शेण, बिडी, धूर, माणसाचा घाम, बैलाचं मूत. मला स्वतःला त्या वासात काही वावगं वाटत नव्हतं, माझ्या घरालाही तोच वास आहे. पण रानातल्या जनावराला तो आमच्या अंगणासारखाच लागणार. आम्ही बोगद्याचं अंगण केलं होतं. परक्याच्या काळोख्या अंगणात कोण शिरतो?

मी गोवऱ्या उपटायला सुरुवात केली. जाऊ शेण घेऊन आली आणि टोपलं खाली न ठेवताच ओरडली.

"बाई, काय करून राहिल्या तुमी?"

"गोवऱ्या काढून राहिली."

"माह्या काहून काढता? तुमच्या तुमी काढा."

"भिंत एकच आहे वं."

"पहिली कोणं थापली होती? तुमीच म्हटलं, ये वं, इथं लय चांगली सुकते."

"म्हटलं होतं. चुकली मी."

तिने टोपलं खाली ठेवलं. चाळीस वर्षांत माझ्या तोंडून हा शब्द तिने ऐकला नव्हता. पण लगेच सावरली. "रोह्याईसाठी? आता त्याईले भाड्यानं द्याचा का बोगदा?"

"करंटच्या तारेसाठी. माह्या पोरानं तार लावली तं तुह्या वावराच्या धुऱ्यावरूनच जाईन. तुहा नातू बोरं तोडाले कुठून येते?"

तिने आपल्या वावराकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि उपटू लागली. तोंड वाईट आहे तिचं, पण अक्कल आहे. बाकीच्या बायांना तिनेच शिव्या देऊन आणलं. दोन दिवसांत भिंती मोकळ्या झाल्या. पत्तेवाल्यांना उठवलं तेव्हा एकजण म्हणाला, "आजी, रोह्याईले रमी येत नाई का?"

"येते. पण तुमच्यासंग खेळत नाई म्हणतात. चिटिंग करता."

तणस मुलानेच हलवलं. सगळा वेळ पुटपुटत होता, पण हलवलं. शेवटची पेंडी उचलली तसा पलीकडून उजेड आत आला आणि जमिनीवरून सरकत माझ्या पायापर्यंत पोचला. त्यापलीकडे साग दिसत होते. आम्ही दोघं बघत राहिलो. एवढं जवळ रान होतं.

मग मी अजून एक काम केलं, ज्याला गाव अजून हसतं. बोगद्यातल्या सिमेंटवर दोन बोटं माती पसरली, खूर घसरू नये म्हणून. आणि रोह्यांच्या ढिगातून लेंड्या घमेल्यात भरून त्या बोगद्यात आत नेऊन टाकल्या, थोड्या थोड्या अंतरावर, पार पलीकडच्या तोंडापर्यंत. आपल्या माणसांच्या खुणा दिसल्या की माणूस अनोळखी वाटेनेही जातो. जाऊ म्हणाली, "जन्मभर गाईचं शेण उचललं, आता हेच राह्यलं होतं." पण दुसरं घमेलं तिनेच उचललं.

त्यानंतर रोज पहाटे मी बोगद्यापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला एका पळसाखाली बसू लागले. पहिल्या दिवशी कळप आला. अकरा होते. सगळ्यांत पुढे एक म्हातारी मादी, एका कानाला चीर पडलेली. ढिगापाशी थांबली, नाकाने जोरात हवा सोडली आणि फिरली. सगळे तिच्यामागे. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी ती बोगद्याच्या तोंडापर्यंत गेली, आत मान घातली. तेवढ्यात वरून एक्स्प्रेस गेली आणि कळप उधळला, थेट जावेच्या तुरीत. चौथ्या दिवशी पुन्हा ढिगापाशीच.

घरी मुलगा रोज विचारायचा, "गेले का तुह्ये पाहुणे?" आणि मी चुलीत गोवरी सारायची. हरभऱ्याची फुलं गळाली होती. घाटे धरले होते, अजून चपटे, पण धरले होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याने धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बांबू रोवले आणि तारेचं बंडल त्यांच्यापाशी आणून ठेवलं.

"उद्या लावतो, माय."

"लाव. पण सकाळी आधी माह्यासंग चल."

"काहून?"

"चल म्हटलं तं चल."

तो आला. पळसाखाली माझ्या शेजारी बसला, अंगावर घोंगडी. थंडीने त्याचे दात वाजत होते. तलावावर धुकं होतं आणि धुक्यातून आधी नुसते पाय दिसले, वर काही नाही. मग पाठी, मग कान. म्हातारी मादी ढिगापाशी आली. थांबली. मुलगा काही बोलणार होता, मी त्याच्या मांडीवर हात ठेवला.

ती पुढे निघाली. बोगद्याच्या तोंडाशी मान खाली घातली आणि जमिनीला नाक लावून हुंगत हुंगत आत गेली, एक लेंडी, मग दुसरी. बाहेर खुरांचा आवाज येत नव्हता. आत गेल्यावर तो आवाज मोठा झाला, घुमू लागला, कुणी मोठ्या घरात चालावं तसा. ती दचकून थांबली. तिच्या कडेने उजेड आमच्यापर्यंत येत होता, त्यात ती काळी दिसत होती. मागचे दहा बाहेर उभे. एकही हलला नाही.

मग ती चालू लागली आणि तिच्या मागे सगळे. पिल्लं मायच्या पोटाला घासत. मोठे घोळक्याने नाही, एकामागे एक. सहा-सात आत गेले असतील तेव्हा रूळ गुणगुणू लागले. मी ओळखलं. मालगाडी.

"गेलं," मुलगा म्हणाला. "आता उधळतात."

मालगाडी आली. कोळशाने भरलेली, न संपणारी. जमीन थरथरत होती, आमच्या पळसाची पानं थरथरत होती. बोगद्याच्या छतातून धूळ गळत होती आणि पलीकडच्या उजेडात ती धूळ सोन्यासारखी दिसत होती. आतले रोही थांबले. उधळले नाहीत. म्हातारीने मागे वळून पाहिलं, एवढंच. त्यांच्या डोक्यावरून ती सगळी वाघिणींची रांग, ते सगळं लोखंड धडधडत जात होतं आणि ते खाली कान टवकारून उभे होते, पावसाची सर जाईपर्यंत झाडाखाली उभं राहावं तसे. मी आयुष्यात खूप गाड्या पाहिल्या. एवढी मोठी गाडी कधी पाहिली नव्हती आणि तिच्याखाली एवढं शांत काही पाहिलं नव्हतं.

शेवटचा डबा गेला. म्हातारी पुढे निघाली, बाहेरचे तिच्यामागे आत शिरले. एकटाच बाहेर राहिलेला निळा नर, घोड्याएवढा, अजून ढिगापाशीच होता. त्याने आमच्या दिशेला तोंड केलं. त्याला आम्ही दिसत होतो, याची मला खात्री आहे. त्याच्या नाकातून वाफ निघत होती. मग तो वळला आणि बोगद्यात शिरला, आणि तेवढा वेळ उजेड पूर्ण बुजला. तो पलीकडे बाहेर पडला तेव्हा पुन्हा उजाडलं.

पलीकडे सागांमध्ये ते थोडा वेळ उभे राहिले. त्यातल्या काही पिल्लांनी रान पहिल्यांदाच पाहिलं असेल. आणि मग ते नव्हते. हलताना दिसलेही नाहीत.

आम्ही बसून होतो. घोंगडी सावरत मुलगा म्हणाला, "याईले समजलं कसं, माय?"

"मले काय विचारतो? मी चौथी शिकलेली."

तो हसला नाही. उठला, मला हात दिला. माझे पाय बधिर झाले होते. धुऱ्यावरून जाताना त्याने तारेचं बंडल खांद्यावर घेतलं आणि घरी आणून माळ्यावर टाकलं. बांबू तसेच राहिले, जावेने नंतर वांग्यांना आधार द्यायला नेले.

आठ-नऊ दिवसांनी सकाळी नात ओरडत आली, रोही आले म्हणून. मी आणि मुलगा धावलो. तो पुढे, हातात काठी. बोगद्यातून कळप आमच्या अंगाला येत होता, म्हातारी पुढे, तशीच हुंगत. तलावाला येत असतील, थंडीत रानातले नाले आटू लागतात.

"माय, हे तं परत आले!"

"मंग? येतील अन् जातील."

समोर त्याचा हरभरा उभा होता, घाटे टपोरे झालेले. त्याने काठी वर उचलली, हाक मारायला तोंड उघडलं आणि तसाच थांबला. कळप अजून अर्धा आत होता. आत असताना ओरडलं, तर पुन्हा त्या बोगद्यात पाऊल टाकणार नाहीत, हे त्याला मी सांगितलं नव्हतं. तो काठी वर धरून उभा राहिला. एक बाहेर आला, दुसरा आला. नात त्याच्या पायाला बिलगून बघत होती. तो ओठांवर बोट ठेवून तिला गप्प करत होता आणि स्वतःही श्वास रोखून होता. शेवटचं पिल्लू अडखळत बाहेर पडलं, मायजवळ पोचलं, बोगदा रिकामा झाला. तेव्हा कुठे त्याने हाक मारली, इतक्या जोरात की तलावावरचे बगळे उडाले, आणि कळप हरभऱ्याला वळसा घालून पाण्याकडे निघाला.